वाकडी चौकट

दादाने साठी उलटल्यावर कॅमेरा घेतला, आणि तोही रीळ घालायचा, तेव्हा आम्ही सगळे हसलो. सर्वांत जास्त मी हसले, हे आधीच कबूल करून टाकते. हातातल्या फोनवर दिवसाला दोनशे फोटो निघत असताना मोजून छत्तीस फोटोंसाठी हा माणूस डोळा बारीक करून दहा दहा मिनिटं एका जागी उभा राहायचा. रस्त्याने जाणारे लोक त्याच्याकडे बघायचे आणि मग तो ज्याच्याकडे बघतोय तिकडे बघायचे. तिकडे बहुतेक वेळा एखादा नळ असायचा.

दादा चष्मेवाला. दुकान आम्हा दोघांचं. पुढची खोली माझी: फ्रेमा दाखवायच्या, काड्या सरळ करायच्या, नाकावर घसरणारे चष्मे घट्ट करायचे आणि गिऱ्हाइकाला गोल चेहऱ्यावर गोल चष्मा का घेऊ नये ते पटवायचं. आतली अंधारी खोली दादाची. तिथे तो नंबर काढतो. एकतीस वर्षं त्याने हे काम केलं आणि त्यातली पहिली चोवीस हाताने केली. हातात एक छोटा दिवा धरायचा, आपला एक डोळा मिटायचा, दुसऱ्याने समोरच्याच्या बुबुळात उजेडाची रेघ फिरवायची आणि ती रेघ कशी सरकते त्यावरून नंबर सांगायचा. त्याचा नंबर कधी चुकला नाही. तान्ह्या मुलांचाही काढायचा, ज्यांना बोलता येत नाही त्यांचा.

मग सात वर्षांपूर्वी मशीन आलं. गिऱ्हाइकाने हनुवटी टेकवायची, आत रंगीत फुगा दिसतो त्याकडे बघायचं, दादाने बटण दाबायचं, की नंबराची चिठ्ठी बाहेर. त्यानंतर तक्ता वाचून घेतला की झालं. मशीन आणायचा हट्ट माझाच होता, कारण बाहेर बाकावर बसलेली माणसं कंटाळून उठून जायची. दादाने तो छोटा दिवा डबीत घालून कपाटात ठेवला आणि हळूहळू घुम्या झाला.

"चिमे, 'हनुवटी टेकवा' एवढं म्हणायला माणूस कशाला लागतो?" असं तो अधूनमधून म्हणायचा. मी म्हणायचे, "चिठ्ठी फाडायला." असली उत्तरं मला चटकन सुचतात.

आमच्या ओळीत दोन दुकानं सोडून एक फोटो स्टुडिओ आहे. तिथले स्टुडिओवाले दादाच्याच वयाचे. त्यांनी एक दिवस माळा आवरला आणि एक जुना कॅमेरा सहज दादाच्या हातात दिला. मी तिथे चष्मा पोचवायला गेले होते, म्हणून मी बघितलं. दादाने कॅमेरा डोळ्याला लावला, भिंगाभोवतीचं कडं बोटांनी सावकाश फिरवलं, आणि त्याचा चेहरा खुलला. सात वर्षांत मी तो चेहरा बघितला नव्हता. त्याच्या बोटांना पुन्हा काम मिळालं होतं.

त्या दिवसापासून घरात आणि दुकानात उच्छाद सुरू झाला. आतली खोली मुळात अंधारीच, त्यामुळे रीळ धुवायचा कारखाना तिथेच निघाला. वहिनीचं दूध मोजायचं भांडं नाहीसं झालं आणि औषधाचा वास घेऊन परत आलं. तापमापक गेलं ते आलंच नाही. बाह्या असलेल्या एका काळ्या पिशवीत दोन्ही हात कोपरापर्यंत घालून दादा छताकडे बघत बसायचा, आत बोटांनी रीळ गुंडाळत. त्या वेळी गिऱ्हाईक आलं तर मी सांगायचे, "थांबा जरा, त्यांचे हात अडकलेत." धुतलेली रिळं माझ्या फ्रेमांच्या स्टँडला चिमट्यांनी लटकवलेली असायची. पहिलं रीळ तर त्याने अर्ध्यातच मागचं झाकण उघडून बघितलं, नीट चाललंय ना म्हणून. सगळं रीळ उजेडाने खाल्लं. शाळकरी पोरासारखा हिरमुसला होता.

दुसरं रीळ मात्र त्याने नीट पुरं केलं, स्वतः धुतलं आणि छापायला स्टुडिओवाल्यांकडे दिलं. रविवारी सकाळी फोटो घरी आले. आम्ही सगळे टेबलाभोवती जमलो. पहिला फोटो वहिनीचा, स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी असलेली. मागच्या भिंतीवरच्या कॅलेंडरातली तारीख अगदी लख्ख वाचता येत होती. वहिनी मात्र धुक्यात.

"अहो, इतक्या वर्षांनी तरी माझ्याकडे बघून फोटो काढायचा होतात," वहिनी म्हणाली.

सगळे हसलो, दादासुद्धा हसला. पण पुढचा फोटो तसाच, त्याच्या पुढचाही. माझा फोटो होता काउंटरमागचा, त्यात मागच्या फ्रेमा स्पष्ट आणि मी पुसट. लांबचे काही फोटो तेवढे बरे होते. दादा म्हणाला, सवय नाही अजून. तिसऱ्या रिळातही तेच झालं आणि चौथ्यातही. मग तो कॅमेऱ्याला दोष द्यायला लागला.

त्याचं म्हणणं समजायला तो कॅमेरा कसा चालतो ते सांगायला हवं. ज्यातून बघायचं त्या खिडकीत मधोमध एक छोटा गोल असतो. समोरची एखादी उभी रेघ त्या गोलात मधेच तुटलेली दिसते, वरचा तुकडा इकडे, खालचा तिकडे. कडं फिरवत दोन तुकडे एकमेकांवर आणायचे. ते जुळले की फोटो स्पष्ट येणार. एवढंच. दादाचे तुकडे काही केल्या जुळत नव्हते.

एक दिवस दुपारी दुकानात कोणी नव्हतं. दादा दारात उभा राहून समोरच्या औषधाच्या दुकानावर कॅमेरा रोखून होता. बराच वेळ झाला तरी खटका वाजला नाही.

"चिमे, इकडे ये. त्या दाराची चौकट बघ. मधेच वाकलीय."

मी बाहेर येऊन बघितलं. चौकट सरळ होती. त्यानेही कॅमेरा खाली घेऊन बघितलं. "आता सरळ दिसतेय," म्हणाला, आणि पुन्हा कॅमेरा लावला. "यातून वाकडी दिसते. मधल्या भागात पोट सुटल्यासारखी."

मी त्याच्या हातातून कॅमेरा घेतला आणि बघितलं. पट्टीने आखल्यासारखी सरळ. मी म्हटलं, "दादा, पोट सुटलंय ते तुझं, चौकटीचं नाही." माझ्याच विनोदावर मी हसले आणि आत निघून गेले. त्या हसण्याची आज मला लाज वाटते. दादा काय बघत होता ते तो मला सरळ शब्दांत सांगत होता, आणि आम्ही दोघंही धंद्याने डोळ्यांची माणसं.

त्याने कॅमेरा स्टुडिओवाल्यांकडे नेला. त्यांनी दोन दिवस ठेवून घेतला, आतून पुसला, तपासला, स्वतः एक रीळ काढलं आणि फोटोंसकट आमच्या काउंटरवर आणून ठेवला. गमतीने ते दादाला डॉक्टर म्हणतात. "डॉक्टर, पेशंट ठणठणीत आहे. तुमचाच हात हलत असेल."

दादाने एकेक फोटो काउंटरवर मांडला. औषधाच्या दुकानाचा फोटोही त्यात होता. चौकट सरळ, दारावरची अक्षरं स्वच्छ. स्टुडिओवाले गेल्यावर दादाने कॅमेरा उचलला आणि पुन्हा समोर रोखला. खाली घेतला. पुन्हा लावला. मी बघत होते. कॅमेरा उजव्या डोळ्याला, डावा मिटलेला. दर वेळी उजव्याच.

"दादा, डाव्या डोळ्याने बघ की एकदा."

"कशाला?"

"बघ तर."

"मला डोळे शिकवू नकोस," तो तडकलाच. "दर वर्षी तपासतो मी. दोन्ही डोळे साफ आहेत."

ते खरं होतं. दर वाढदिवसाला दादा गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसायचा, एक डोळा झाकून तक्त्याची शेवटची ओळ वाचायचा, मग दुसरा झाकून वाचायचा आणि डायरीत लिहायचा, साफ. एकतीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आतली खोली झाडायला गेले. तक्त्याची पेटी रोज ओल्या फडक्याने पुसते. आतला दिवा बंद होता. मी वरून खाली फडकं फिरवत होते आणि तोंडाने पुटपुटत होते, ल, म, ट, ग, र, प, क. ती शेवटची ओळ. माझं लक्ष फडक्याकडे होतं. ओळीकडे मी बघतही नव्हते. माझा हात तिथेच थांबला. बाहेरच्या खोलीत बसून रोज वीस माणसांना ती ओळ वाचताना ऐकून मला ती पाठ झाली होती. मग जो एकतीस वर्षं तिच्या शेजारी उभा आहे, त्याचं काय?

मी पुठ्ठ्याची पांढरी पट्टी कापली. त्यावर काळ्या पेनाने, मूळ अक्षरांच्याच मापाची दुसरी अक्षरं काढली: न, द, व, स, ख, च, ब. ती पट्टी शेवटच्या ओळीवर चिकटवली. वरच्या ओळी तशाच ठेवल्या. मला वाटत होतं की आता दादा मला वेड्यात काढेल, आणि त्याने काढावं असंही वाटत होतं.

तो आला तेव्हा मी म्हटलं, "बस खुर्चीत. माझ्या समाधानासाठी."

तो कुरकुरत बसला. मी डावा डोळा झाकणीने झाकला आणि पेटीचा दिवा लावला. त्याने वरून सुरुवात केली. घडाघडा. कुठे अडखळला नाही, डोळा बारीक केला नाही. शेवटच्या ओळीवर आला आणि त्याच सुरात म्हणाला, "ल, म, ट, ग, र, प, क. झालं समाधान?"

मी माझ्या पट्टीकडे बघितलं.

"शेवटची परत वाच. सावकाश."

"ल," तो म्हणाला. "म. ट. ग. र. प. क." प्रत्येक अक्षरावर थांबून, लहान मुलाला शिकवावं तसं.

मी झाकणी काढली. दोन्ही डोळ्यांनी त्याने तक्त्याकडे बघितलं. मग उठला, तक्त्याजवळ गेला आणि पट्टीवरून बोट फिरवलं. शाई अजून थोडी ओली होती, बोटाला लागली.

"हे कधी केलंस?"

"सकाळी."

"मला दिसत होतं गं," दादा म्हणाला. "ल दिसत होता मला. खोटं नाही सांगत."

दादाला घाबरलेलं मी आजवर बघितलं नव्हतं. तो परत खुर्चीत बसला, डावा डोळा स्वतःच्या तळहाताने झाकला आणि माझ्या चेहऱ्याकडे बघितलं. "तुझं नाक दिसत नाही," म्हणाला. "कडेचे केस दिसतात." मी खाली फरशीवरच बसले.

दुपारी आम्ही डोळ्यांच्या इस्पितळात होतो. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या भाचीच्या वयाच्या. त्यांनी थेंब घातले, फोटो काढले, आणि पडद्यावर दादाच्या उजव्या डोळ्याचा आतला भाग दाखवला. मधोमध, जिथून आपण वाचतो, चेहरे ओळखतो, तिथेच नको त्या बारीक रक्तवाहिन्या उगवून झिरपत होत्या. डोळ्याचा पडदा सुजला होता आणि काही भागात व्रण धरला होता.

"रेघा वाकड्या कधीपासून दिसतात?"

"चार महिने," दादा म्हणाला. "कॅमेरा घेतल्यापासून."

"त्याच्या आधीपासून असणार. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा सांभाळून घेतो, कळतच नाही. कॅमेऱ्याने तुम्हाला एक डोळा मिटायला लावला म्हणून तरी कळलं." मग त्यांनी विचारलं, "तुम्ही काय करता?"

मीच सांगितलं, चष्म्याचं दुकान आहे, नंबर काढतात. बाई क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. त्यांनी टोमणा मारला असता तरी चाललं असतं. त्या फक्त म्हणाल्या, "जे गेलं ते बहुतेक परत येणार नाही. इंजेक्शनं घेऊन उरलेलं टिकवायचा प्रयत्न करू. चार महिन्यांपूर्वी आला असतात तर बरंच हाती राहिलं असतं."

चार महिने. म्हणजे वहिनीचा धुक्यातला फोटो आला त्या रविवारीच आम्हाला कळायला हवं होतं. तेव्हा आम्ही टेबलाभोवती हसत होतो.

बाहेर पडताना बाईंनी त्याच्या हातात एक कार्ड दिलं. त्यावर चौकटी आखलेल्या, मधे एक ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं, रेघा वाकल्या की लगेच यायचं. दादाने ते कार्ड हातात धरलं आणि इस्पितळाच्या पायरीवर बसला. मला वाटलं चक्कर आली.

"आपल्याकडे आहेत ही," तो म्हणाला. "कपाटात, दिव्याच्या डबीखाली. पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाला दाखवायचो मी. मशीन आल्यावर कधी बंद केलं तेच आठवत नाही."

पहिलं इंजेक्शन झालं. तीन दिवस दादा घरी पडून राहिला. वहिनीशीही धड बोलला नाही. डोळ्यात सुई घेतल्यापेक्षा त्याला दुसरंच काहीतरी टोचत होतं, ते मला दिसत होतं. चौथ्या दिवशी तो दुकानात आला, नंबरांच्या सात वह्या काढल्या आणि माझ्या काउंटरवर रचल्या.

"पन्नाशीच्या पुढचे सगळे. मशीन आल्यापासूनचे. फोन करायचे."

"आणि सांगणार काय त्यांना?"

"माझा डोळा गेला हे. आणि मी तुमची रेघ तपासली नाही हेही."

माझं डोकंच फिरलं. मी त्याला नाही नाही ते बोलले. म्हटलं, चष्मेवाल्याला स्वतःचा डोळा कळला नाही हे गावभर झालं तर आपल्या पायरीवर कुत्रंही फिरकणार नाही. म्हटलं, तू काही डॉक्टर नाहीस, ती तुझी जबाबदारी नाही. म्हटलं, मशीनने सांगितलं नाही तर तू काय करणार? हे शेवटचं म्हणायला नको होतं.

"मशीन नंबर सांगतं," दादा म्हणाला. "बाकीचं विचारायला माणूस ठेवला होता."

त्याने फोन लावायला सुरुवात केली. मी काउंटरच्या दुसऱ्या टोकाला काड्या पुसत बसले, रागाने. फोनचा आवाज त्याने मोठा ठेवला होता, त्यामुळे मला सगळं ऐकू येत होतं. दर वेळी तेच. नमस्कार, मी चष्मेवाला बोलतोय. माझ्या उजव्या डोळ्याने मला धोका दिला आणि मला कळलं नाही. तुम्ही एक काम करा, एक डोळा हाताने झाकून दाराच्या चौकटीकडे बघा. आता दुसरा झाका. सरळ आहे ना? बरं. आठवड्यातून एकदा असं बघत जा.

कोणी हसलं. कोणी त्याचीच चौकशी केली. एका आजोबांनी फोन धरून ठेवून घरातल्या चारही दारांची तपासणी केली. एकाने विचारलं, हे काय नवीन काढलंय विकायला? दोन दिवसांत त्रेसष्ट फोन झाले आणि कोणाच्या घरची चौकट वाकली नव्हती. मला हायसं वाटायला लागलं होतं. मी मनात म्हणत होते, चला, दादाच्या मनाचं समाधान झालं, आता वह्या उचलते.

चौसष्टावा फोन शिवणकाम करणाऱ्या बाईंना होता. कपडे उसवून बेतून द्यायच्या. आम्ही दोघंही त्यांना ओळखतो, माझ्या दोन झग्यांची उंची त्यांनीच कमी केली होती. दादाने नेहमीचं सगळं सांगितलं.

"एक डोळा झाका," तो म्हणाला. "सरळ आहे?"

"हो."

"आता दुसरा."

मग त्या म्हणाल्या, "वाकडी दिसते, त्याला वर्ष झालं. आता मधे काळंही दिसतं. शिवण सोडली मी."

दादा उभा राहिला. "अहो, मग आला का नाहीत?"

"आले होते की. चष्मा नेल्यावर पंधरा दिवसांनी. तुम्ही आत होता, काउंटरवर ताईंशी बोलले. म्हटलं, दार वाकडं दिसतंय. त्या म्हणाल्या, नवा नंबर आहे, आठ दिवसांत सवय होईल."

नव्या चष्म्याची तक्रार घेऊन आलेल्या प्रत्येकाला मी हेच सांगते. खरं म्हणजे बहुतेकांना सवय होतेच. बाई आल्या होत्या हेही मला आठवलं नाही, आजही आठवत नाही. मी खूप प्रयत्न केला.

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. त्याने फोन काउंटरवर माझ्यासमोर ठेवला. पलीकडून त्या म्हणत होत्या, "त्यांना काही बोलू नका हं. मीच म्हटलं, आपल्याला सवय होत नाहीये, उगाच त्रास कशाला द्यायचा."

मी फोन उचलला आणि म्हटलं, "मी ताईच बोलतेय. तयार राहा, मी इस्पितळात न्यायला येतेय."